बाल्कनीच्या आधी बाथरूमचा उंबरा

महाराष्ट्रातील पर्यटन संस्थांचे संचालक, टूर लीडर आणि क्रूझची तिकिटं विकणारे एजंट यांस,



आपल्या बुकिंग अर्जांत आहाराचा रकाना हमखास असतो. शाकाहारी, मांसाहारी, जैन. एखादी संस्था कांदा-लसूण वेगळं विचारते, एखादी चतुर्थीचा उपासही लक्षात ठेवते. भूमध्य समुद्रातल्या जहाजावर मराठी मंडळींच्या पानात वरण-भात पडावा म्हणून आपली माणसं किती खटपट करतात, हे प्रवाशांना ठाऊक आहे आणि त्याचं कौतुकही आहे. त्याच अर्जात गुडघ्यांबद्दल मात्र एक ओळ सापडणं कठीण. असलीच तर ती अशी: ‘व्हीलचेअर हवी आहे का? हो / नाही.’

हे पत्र त्या ‘हो’ आणि ‘नाही’च्या मधल्या माणसांबद्दल आहे. गुडघेबदल होऊन वर्ष उलटलं तरी जिना टाळणारे, पार्किन्सनमुळे वळताना अडखळणारे, अर्धांगवायूतून सावरून एका बाजूच्या आधाराने चालणारे, धाप लागते म्हणून दर थोड्या पावलांवर समुद्र बघण्याचं निमित्त काढून थांबणारे. अर्ज भरताना ही सगळी मंडळी ‘नाही’वर खूण करतात. बऱ्याचदा ती खूण त्यांच्या वतीने मुलंच करतात. मुलगा न्यू जर्सीहून फोनवर सांगतो, ‘आई चालते की!’ आई चालते हे खरंच आहे. हॉलमधून गॅलरीपर्यंत आणि तिथून देवघरापर्यंत.

‘नाही’ लिहिण्यामागे मानीपणा असतो तशी भीतीही असते. खरं सांगितलं तर नेणारच नाहीत, ही ती भीती, आणि ती पोकळ नाही. फेब्रुवारी 2012 मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या जीजा घोष कोलकात्याहून गोव्याला एका परिषदेसाठी निघाल्या होत्या. त्या विमानात बसल्यानंतर त्यांना खाली उतरवण्यात आलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि मे 2016 मध्ये न्यायालयाने विमान कंपनीला 10 लाख रुपये भरपाई द्यायला लावली. निकाल त्यांच्या बाजूने लागला, पण चार वर्षांनी. सुट्टीवर निघालेल्या माणसाला चार वर्षं लढण्यापेक्षा अर्जावर ‘नाही’ लिहिणं सोपं वाटतं, यात नवल नाही.

विमानतळाने आपल्या सर्वांचाच एक गैरसमज करून दिला आहे. तिथे नाव नोंदवलं की व्हीलचेअर येते, ढकलणारा माणूस येतो, रांग टळते आणि विमानाच्या दारापर्यंत सोय होते. जहाजावरही असंच असणार असं प्रवासी धरून चालतात आणि विक्रीच्या ओघात आपले प्रतिनिधीही ‘तिथे सगळं मिळतं’ असं सांगून मोकळे होतात. प्रत्यक्षात बहुतेक क्रूझ कंपन्यांची ही मदत जहाजात चढताना आणि उतरताना मिळते, तेवढ्यापुरतीच. मधल्या दिवसांत जेवणाच्या हॉलपर्यंत किंवा नाट्यगृहापर्यंत कोणी ढकलत नेत नाही. त्यासाठी स्वतःची व्हीलचेअर आणावी लागते किंवा थेट केबिनवर पोचवणाऱ्या कंपनीकडून भाड्याने घ्यावी लागते. हे घर सोडण्याआधी सांगितलं तर मुलं घडीची व्हीलचेअर बरोबर देतात. बंदरावर कळलं तर मिळेल त्याच्या खांद्यावर हात ठेवून आठवडा काढायचा.

आता केबिनबद्दल. मुख्य तक्रार तीच आहे.

आपल्या माहितीपत्रकात केबिन चार प्रकारच्या असतात: आतली, खिडकीची, बाल्कनीची आणि स्वीट. डावीकडून उजवीकडे किंमत वाढत जाते, आणि ‘आई-बाबांना जरा चांगलं द्या’ म्हटलं की आपला प्रतिनिधी एक रकाना पुढे सरकतो. पण ज्याचे पाय दुखतात त्याच्यासाठी केबिनचा चांगलेपणा वेगळ्या गोष्टींवर ठरतो. दार किती रुंद आहे, बाथरूमला उंबरा आहे का, लिफ्ट किती लांब आहे. ही माहिती चारपैकी एकाही रकान्यात नसते.

अनेक जहाजांवर साध्या केबिनचं दार जेमतेम 22-23 इंच रुंद असतं. मोठ्या माणसाची नेहमीची व्हीलचेअर 24 ते 26 इंच. म्हणजे ती दारातच अडते. वॉकर तिरका करून आत न्यावा लागतो. ‘ॲक्सेसिबल’ केबिनचं दार किमान 32 इंच असतं आणि आत व्हीलचेअर गोल फिरवता यावी म्हणून साधारण पाच फुटांची मोकळी जागा ठेवलेली असते. बाथरूममध्ये उंबरा नसतो. शॉवरखाली घडी घालून ठेवता येणारं आसन असतं, धरायला दांडे असतात, कमोड थोडा उंच असतो. साध्या केबिनच्या बाथरूमला मात्र बहुधा उंबरा असतोच, कारण शॉवरचं पाणी खोलीत येऊ नये याची ती सोय. रात्री दोन वाजता, हलत्या जहाजावर, अर्धवट झोपेत तो उंबरा ओलांडायचा असतो. माहितीपत्रकात ज्या बाल्कनीचा फोटो असतो ती त्या वेळी काही कामाची नाही.

जाता जाता एक बाब, बोलायला संकोच वाटतो म्हणून कोणी बोलत नाही. जहाजावर जेट स्प्रे असेलच असं नाही. ज्यांना वाकता येत नाही त्यांच्यासाठी ही मोठीच अडचण होते. आपण वरण-भाताची चौकशी करता तशी हीही करावी.

पुन्हा उंबऱ्याकडे. हा प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातही गेला होता. 1998 आणि 1999 मध्ये ह्यूस्टनहून निघालेल्या नॉर्वेजियन क्रूझ लाइनच्या जहाजांवरच्या काही अपंग प्रवाशांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी कंपनीवर दावा लावला. जहाजावरच्या बहुतेक केबिन, आणि त्यातही सर्वांत आकर्षक जागी असलेल्या केबिन, आपल्याला वापरताच येत नाहीत. दारांचे उंबरे अडवतात. शिवाय आपल्याकडून जास्त पैसे घेतले जातात, अशा त्यांच्या तक्रारी होत्या. कंपनीचा युक्तिवाद असा की जहाजावर परदेशी झेंडा आहे, तेव्हा अमेरिकेचा 1990 चा अपंगांविषयीचा कायदा त्याला लागू नाही. 2005 च्या जूनमध्ये ‘स्पेक्टर विरुद्ध नॉर्वेजियन क्रूझ लाइन’ या खटल्यात न्यायालयाने तो अमान्य केला. अमेरिकेच्या पाण्यात येणाऱ्या परदेशी क्रूझ जहाजांनाही हा कायदा लागू होतो, असं न्यायालयाने ठरवलं. मात्र जहाजाच्या सुरक्षेला धोका होईल असे बांधणीतले बदल करायला कायदा भाग पाडत नाही, हेही सांगितलं. निकाल सरसकट नव्हता आणि न्यायमूर्तींमध्ये एकमतही नव्हतं. तरीही, ज्या जहाजांवर आपण कॅरिबियन आणि अलास्काच्या सहली नेता, त्यांच्यावर हा कायदा आज लागू आहे. आपल्या विक्री खात्यातल्या माणसांना तो निदान ऐकून माहीत असावा.

ॲक्सेसिबल केबिनही सगळ्या सारख्या नसतात. कार्निव्हल कंपनी त्यांचे तीन प्रकार करते. एक, जिथे व्हीलचेअर सगळीकडे फिरते. दुसरा, जिथे ती पलंगाच्या एकाच बाजूला जाते. तिसरा, जे नेहमी व्हीलचेअर वापरत नाहीत पण ज्यांना आधार लागतो अशांसाठी. वर सांगितलेल्या मधल्या माणसांसाठी नेमका हा तिसरा प्रकार आहे. दुसऱ्या प्रकारात पलंगाची बाजू फार महत्त्वाची ठरते. ज्यांची उजवी बाजू लुळी आहे त्यांना उठताना आधाराचा दांडा डाव्या हाताशी लागतो. तो उलट बाजूला आला तर ‘ॲक्सेसिबल’ केबिनमध्येही माणूस कोणी उठवेपर्यंत पडून राहतो. ‘पेशंटची कुठली बाजू?’ हा प्रश्न फिजिओथेरपिस्ट पहिल्याच दिवशी विचारतो. तो बुकिंगच्या टेबलावरही विचारला जावा.

अशा केबिन मोजक्याच असतात. दोन-अडीच हजार केबिनच्या जहाजावरही त्या काही डझनच, आणि लवकर भरतात. त्यांतल्या काही ऐसपैस असतात म्हणून धडधाकट माणसंही त्या मागतात. ‘सासू-सासऱ्यांना मोठी खोली हवी’ एवढ्या कारणासाठी ती केबिन देऊ नये, ही विनंती. त्यामुळे खरी गरज असलेल्या कुणाला तरी नकार मिळतो, आणि तो नकार देणारे बहुधा आपणच असता.

इथे आपल्या ग्रुप बुकिंगच्या पद्धतीबद्दल बोलायलाच हवं. आपण जहाजावर तीस-चाळीस केबिन एकगठ्ठा घेता. त्यांतल्या काही ‘गॅरंटी’ दराने, म्हणजे प्रकार ठरलेला पण नंबर कंपनी तिच्या मर्जीने नंतर देणार. हा दर स्वस्त पडतो, आणि धडधाकट माणसाला त्यात काही तोटा नाही. पण मग नंबर निघायच्या आठवड्यात कळतात, कधी तर बंदरावर टूर लीडरच्या हातातल्या यादीतूनच. तोवर बदलायला जागा उरलेली नसते. म्हणून मागणी साधी आहे: ज्यांनी हालचालीची अडचण सांगितली आहे त्यांना गॅरंटीची केबिन कधीही देऊ नये. त्यांचा नंबर बुकिंगच्या दिवशी ठरवून पावतीवर लिहून द्यावा. त्यासाठी थोडे जास्त पैसे पडत असतील तर तसं सांगावं. पैसे द्यायचे की नाहीत ते घरचे ठरवतील.

नंबर ठरवताना डेकचा नकाशा समोर ठेवावा. ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज 365 मीटर लांब आहे. जेवणाचा मुख्य हॉल बहुधा मागे, नाट्यगृह बहुधा पुढे. केबिन एका टोकाला आणि जेवण दोनशे मीटरवर, असं झालं तर नाश्ता, दुपारचं जेवण आणि रात्रीचं जेवण मिळून दिवसाला बाराशे मीटर चाल होते, तीही जाड गालिच्यावरून, ज्यावर व्हीलचेअर ढकलणाऱ्यालाही जोर लावावा लागतो. काही जहाजांवर एखाद्या डेकवर मधेच भटारखाना आडवा येतो आणि सरळ जाता येत नाही. वर जाऊन, पलीकडे चालून, पुन्हा खाली उतरावं लागतं. म्हणून केबिन मधल्या भागात, लिफ्टपासून थोड्या अंतरावर असावी. अगदी लागून नको, तिथे रात्रभर आवाज असतो. जहाज डोलतं तेव्हा टोकं आणि वरचे मजले जास्त हलतात, मधला खालचा भाग कमी. ज्यांचा तोल आधीच कच्चा आहे त्यांच्यासाठी मधल्या भागातली खिडकी नसलेली स्वस्त केबिन मागच्या टोकाच्या महाग बाल्कनीपेक्षा बरी. हे सांगताना आपला फायदा कमी होतो, याची कल्पना आहे.

तरी बाल्कनी नेहमीच वाया जाते असंही नाही. अलास्काच्या ग्लेशियर बे मध्ये प्रवासी जहाजातून उतरत नाहीत. बर्फाच्या नद्या डेकवरूनच पाहायच्या असतात आणि नॅशनल पार्कचे रेंजर जहाजावर येऊन माहिती देतात. ज्यांना डेकवर तासभर उभं राहणं झेपणार नाही त्यांच्यासाठी तिथे बाल्कनी म्हणजेच सहल. फक्त तिच्या दाराला उंबरा आहे का, एवढं आधी विचारून घ्यावं. अलास्कातल्याच केच्चिकन बंदरात भरती-ओहोटीत पाण्याच्या पातळीत मोठा फरक पडतो आणि त्याबरोबर गँगवेचा, म्हणजे जहाजातून धक्क्यावर उतरायच्या पुलाचा, उतारही बदलतो. सकाळी सपाट वाटलेला गँगवे संध्याकाळी चढणीचा होऊ शकतो.

जहाज धक्क्याला लागणारच नसेल तर प्रश्न आणखी अवघड. सँटोरिनीला, ग्रँड केमनला मोठी जहाजं समुद्रात नांगर टाकतात आणि प्रवाशांना लहान बोटीतून किनाऱ्यावर नेतात. त्याला टेंडर म्हणतात. भाऊच्या धक्क्यावरून कोकणबोटीने गेलेल्या पिढीला हे नवं नाही. आगबोट खाडीबाहेर उभी राहायची आणि माणसं, ट्रंका, आंब्याच्या पेट्या पडावात उतरवल्या जायच्या. लक्षद्वीपलाही प्रवासी मोठ्या जहाजातून लहान बोटीत उतरतात. कोकणबोटीच्या त्या पिढीतल्या माणसांनी विशीत पडावात उडी मारली असेल. तीच माणसं आता ऐंशीची आहेत. टेंडरमध्ये पायऱ्या उतरून, हलत्या बोटीत पाऊल टाकावं लागतं. समुद्र खवळलेला असेल तर खलाशी व्हीलचेअरवाल्यांना घेतच नाहीत, आणि चालता न येणाऱ्यांची विजेवर चालणारी जड स्कूटर तर सहसा नाहीच. ‘पाच बंदरं’ असं छापून विकलेल्या सहलीत तीनच बंदरं वाट्याला येणार असतील, तर ती कुठली तीन हे पैसे भरण्याआधी सांगायला हवं.

स्कूटरवरून आठवलं. ती केबिनमध्येच ठेवावी लागते. आणीबाणीत वाट अडू नये म्हणून बाहेरच्या पॅसेजमध्ये उभी करता येत नाही. दार अरुंद असेल तर ती आत जाणारच नाही, आणि चार्जिंगसाठी घरून आणलेली एक्स्टेंशन कॉर्ड अनेक कंपन्या काढून घेतात.

अर्जावरच्या ‘नाही’मुळे सर्वांत मोठा धोका कुठे होतो, तेही सांगायला हवं. 13 जानेवारी 2012 च्या रात्री इटलीतल्या जिल्यो बेटाजवळ ‘कोस्टा कॉनकॉर्डिया’ खडकावर आदळून कलंडली. 32 माणसं गेली. जहाज इतकं कललं होतं की एका बाजूच्या लाइफबोटी नीट सोडताच आल्या नाहीत. त्यानंतर आंतरराष्ट्रीय नियम बदलले आणि प्रवाशांची सुरक्षेची कवायत जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घेणं बंधनकारक झालं. त्याच नियमांत आणखी एक तरतूद आहे, जिच्याबद्दल आपल्या कार्यालयांत फारसं बोललं जात नाही. आणीबाणीत मदत लागेल असं ज्यांनी सांगितलं आहे, त्यांची नोंद जहाज सुटण्याआधी कप्तानापर्यंत पोचवावी लागते. आग लागली की लिफ्टचा भरवसा नसतो. जिन्यावरून खाली नेणारी खास खुर्ची घेऊन कोणत्या केबिनकडे धावायचं, हे खलाशांना त्या नोंदीवरून कळतं. अर्जावर ‘नाही’ लिहिलेल्या आजोबांचं नाव त्या यादीत नसतं. सहल हातची जाऊ नये म्हणून आपल्या प्रतिनिधीने ‘लिहू नका, उगाच भानगड’ असा मायेने सल्ला दिला असेल, तर त्याने नेमकं काय पुसून टाकलं, हे त्याला एकदा समजावून सांगावं.

युरोपात या बाबतीत एजंटांवरही जबाबदारी आहे. डिसेंबर 2012 पासून लागू झालेल्या युरोपीय नियमानुसार जलवाहतूक कंपन्यांनाच नव्हे, तर ट्रॅव्हल एजंट आणि टूर ऑपरेटरांनाही केवळ अपंगत्वामुळे बुकिंग नाकारता येत नाही. अपवाद फक्त सुरक्षेचा आणि जहाजाच्या किंवा बंदराच्या बांधणीचा. मदत हवी असेल तर प्रवाशाने किमान 48 तास आधी कळवायचं. केबिनची विशेष गरज असेल तर बुकिंगच्या वेळीच. मदतीसाठी वेगळे पैसे लावता येत नाहीत. बार्सिलोना किंवा रोमच्या बंदरातून क्रूझ सुटते तेव्हा आपल्या प्रवाशांनाही हे हक्क मिळतात. आपल्या एखाद्या स्लाइडवर पिसाच्या मनोऱ्याशेजारी दोन ओळी याच्याही असाव्यात.

आपल्याकडे 2016 चा दिव्यांगजन हक्क कायदा ‘सर्व वाहतूक साधनां’बद्दल बोलतो, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये राजीव रतुरी यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेची मानकं नुसती शिफारस म्हणून ठेवता येणार नाहीत, ती बंधनकारक हवीत, असं स्पष्ट केलं. सप्टेंबर 2025 मध्ये मुंबईत इंदिरा डॉकला नव्या आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनलचं उद्घाटन झालं. टर्मिनल नवं, पण त्याला लागणारी सगळी जहाजं नवी नाहीत. मुंबई-गोवा-लक्षद्वीप फेऱ्यांमुळे मराठी प्रवाशांच्या ओळखीचं झालेलं ‘एम्प्रेस’ 1990 साली ‘नॉर्डिक एम्प्रेस’ या नावाने समुद्रात उतरलं, म्हणजे अमेरिकेचा अपंगांविषयीचा तो कायदा झाला त्याच वर्षी. तीन-साडेतीन दशकांपूर्वीच्या बांधणीचं जहाज वाईटच असतं असं नाही. मात्र अशा जहाजावरची केबिन विकताना ‘बहुतेक चालेल’ हे उत्तर पुरत नाही. कंपनीकडून दाराचं आणि उंबऱ्याचं माप लेखी मागवता येतं, आणि एका ई-मेलने काम होतं.

तेव्हा विनंती अशी. ‘हो / नाही’च्या जागी तीन-चार साधे प्रश्न छापावेत. किती पायऱ्या चढता येतात? न थांबता किती चालता? रात्री उठताना आधार लागतो का, आणि कुठल्या हाताला? काठी, वॉकर की व्हीलचेअर, आणि ती किती रुंद आहे? अपंगत्वाचं प्रमाणपत्र मागू नये. गुडघे दुखणाऱ्या बहुतेकांकडे ते नसतं, आणि टक्केवारीत बसत नाही म्हणून पायरी काही खाली येत नाही. उत्तरं भरताना मुलांपेक्षा त्या माणसालाच विचारावं, जमल्यास मुलं शेजारी नसताना. आणि उत्तरं वाचून ही सहल झेपणार नाही असं वाटलं, तर तसं स्पष्ट सांगून दुसरी सुचवावी. लोकांना त्याचा राग येत नाही. राग येतो तो बंदरावर पोचल्यानंतर कळलं की.

पुढच्या हंगामाच्या माहितीपत्रकात प्रत्येक जहाजापुढे दाराची रुंदी, बाथरूमचा उंबरा, ॲक्सेसिबल केबिनची संख्या आणि टेंडरची बंदरं, एवढा एक तक्ता छापावा. जागा कमी पडली तर बुफेच्या फोटोंपैकी एक कमी केलेला चालेल.



काठी घेऊन फिरणाऱ्यांच्या वतीने,
आपला एक जुना ग्राहक